लेण्याद्रीचे दानलेख आणि व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा : व्यापारशिक्षणातील अभ्यासपद्धतीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील जुन्नर शहराच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर आहे. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून तो सर्वपरिचित असला, तरी मूलतः ही सुमारे तीस लेण्यांची बौद्ध वसाहत होय. गणपतीचे देवस्थान ज्या विहारात आहे तो सातव्या क्रमांकाचा. त्याच्या शेजारचे सहावे लेणे हे चैत्यगृह आहे. हे चैत्यगृह कल्याण येथील हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान असल्याचे तेथील ब्राह्मी लेखात नोंदविले आहे. 'हेरणिक' हे विशेषनाम मानावे, की सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा 'हैरण्यिक' असा त्याचा व्यवसायवाचक अर्थ घ्यावा, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. डोंगरावरील या सर्वांत देखण्या वास्तूचा दाता स्वतःस राजा म्हणवीत नाही, अमात्यही म्हणवीत नाही. तो घाटाखालच्या व्यापारी नगरातील एका गृहस्थाचा मुलगा आहे.

आज याच डोंगराच्या आसमंतातील, म्हणजे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पदवीधर विद्यार्थी व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा देतात. या परीक्षेच्या तयारीविषयी जे मार्गदर्शन उपलब्ध असते ते बहुतांशी क्लृप्त्यांच्या स्वरूपाचे असते. अमुक सूत्र पाठ करावे, तमुक प्रकारचा प्रश्न सोडून द्यावा, इतकेच त्यात असते. ही परीक्षा नेमके काय तपासते, त्यांपैकी कोणते कौशल्य या परिसरातील विद्यार्थ्याजवळ आधीपासून आहे आणि कोणते नाही, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. प्रस्तुत निबंधात हा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. ग्रामीण मराठी माध्यमाचा विद्यार्थी गणितात कच्चा असतो, या समजुतीवर आधारलेली तयारी त्याचा वेळ चुकीच्या जागी खर्च करते, असे येथील प्रतिपादन आहे.

श्रेणी, ठेव आणि व्याजाचा हिशेब

सातवाहन-क्षत्रप काळात जुन्नर हे घाटमाथ्यावरील मोठे व्यापारी केंद्र होते. सोपारा व कल्याण या बंदरांतून येणारा माल नाणेघाटाने वर चढत असे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई व कार्षापणांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाचे स्थान फार वरचे आहे. स्थानमूल्याची पद्धती तेव्हा नव्हती. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. तरीही हजारांच्या घरातील संख्या घाटाच्या तोंडाशी लिहून ठेवाव्यात असे वाटणारा समाज हिशेबी होता, हे मान्य करावे लागते.

जुन्नर परिसरातील लेखांत व्यावसायिकांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले. बांबूकाम करणाऱ्या वंसकारांच्या आणि काशाचे काम करणाऱ्या कासाकारांच्या श्रेणींकडे धर्मदायासाठी ठेवी ठेवल्या गेल्या. कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे शेतजमिनीच्या उत्पन्नाची व्यवस्था सोपविल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे या श्रेणी केवळ कारागिरांचे संघ नव्हत्या. दुसऱ्याचे द्रव्य सांभाळून त्याचे उत्पन्न ठरल्या कामी खर्च करण्याची जबाबदारी त्या घेत असत.

या जबाबदारीतील गणित किती काटेकोर होते, हे जुन्नरच्या लेखांपेक्षा नाशिकच्या एका लेखात अधिक स्पष्ट दिसते. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक या दराने व १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावयाचे होते. आता हिशेब करून पाहावा. २,००० वर शेकडा एक म्हणजे दरमहा २०, वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०च. कमी नाही, अधिक नाही. दुसऱ्या ठेवीचे दरमहा साडेसात, म्हणजे वर्षाचे ९० होतात. दराचा उल्लेख करताना लेखात 'पायून' असा शब्द आला आहे; तो आजच्या 'पाऊण'चा पूर्वज होय. प्रवेशपरीक्षेच्या कोणत्याही पुस्तकातील सरळव्याजाच्या प्रकरणात हे उदाहरण जसेच्या तसे घालता येईल, आणि ते वर्गात फळ्यावर मांडले तर विद्यार्थ्याला ते नाशिकच्या डोंगरात जाऊन पडताळताही येईल. सदर दान निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविल्याचेही लेख सांगतो. हिशेब करणे आणि तो इतरांना वाचता येईल असा मांडणे, ही दोन्ही अंगे त्या काळी जोडलेली होती.

परीक्षा कोणाची?

असा हिशेब करणारी माणसे कशी घडत, हे लेणी सांगत नाहीत. त्यासाठी वाङ्मयाकडे वळावे लागते. 'दिव्यावदान' या बौद्ध संस्कृत ग्रंथात व्यापाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे एक ठरावीक वर्णन वारंवार येते. मुलगा मोठा झाला की त्यास लिपी, संख्या, गणना, मुद्रा हे विषय शिकविले जात. त्यानंतर उद्धार, न्यास व निक्षेप, म्हणजे उधारी, गहाण व ठेव यांचे व्यवहार. आणि शेवटी वस्तू, रत्ने इत्यादींच्या आठ परीक्षा. येथे 'परीक्षा' या शब्दाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ही विद्यार्थ्याची परीक्षा नव्हे. विद्यार्थ्याने मालाची करावयाची परीक्षा होय. समोर आलेले रत्न खरे की खोटे, वस्त्र कोणत्या प्रतीचे, लाकूड कोणत्या जातीचे, हे ओळखता आले की शिक्षण पूर्ण झाले असे मानीत.

याच ग्रंथातील पूर्णाची कथा सोपाऱ्याची, म्हणजे जुन्नरच्या व्यापाराला जोडलेल्या बंदराची आहे. एकट्याने माल घेऊ नये, सर्वांनी मिळून घ्यावा, असा तेथील व्यापाऱ्यांच्या संघाचा नियम होता. पूर्णाने जहाजावरील सगळा माल अठरा लक्ष सुवर्णांना ठरविला व तीन लक्ष विसार देऊन तो आपल्या नावे करून घेतला. पुढे तोच माल संघातील व्यापाऱ्यांना दुप्पट भावाने विकून मूळ मालकांचे उरलेले पंधरा लक्ष त्याने चुकते केले. एक षष्ठांश भांडवलावर केलेला हा व्यवहार आहे. कथेत नियम मोडल्याबद्दल पूर्णाला त्रासही होतो, परंतु त्याचा हिशेब मात्र कोणी चुकीचा म्हणत नाही.

कारागिरीच्या शिक्षणाबाबत याज्ञवल्क्यस्मृतीत एक नियम आहे. शिकाऊ उमेदवाराने कला लवकर आत्मसात केली तरी गुरूच्या घरी ठरलेली मुदत पुरी केली पाहिजे. वेगाला तेथे सवलत नव्हती. प्रवेशाचा प्रश्न तर बहुधा उपस्थितच होत नसे, कारण कोणी कोणता व्यवसाय शिकावा हे घराणे व जात ठरवीत असे. जुन्या पद्धतीचे गुणगान करताना ही बाजू विसरली जाते, म्हणून येथे तिचा मुद्दाम उल्लेख केला आहे. प्रवेशपरीक्षा कितीही यांत्रिक वाटली, तरी तिच्या दारात उमेदवाराचे घराणे विचारले जात नाही.

पंतोजींची शाळा आणि अपूर्णांकांचे पाढे

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अमलाखाली आलेल्या दख्खनमध्ये गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मोडी वाचावयाचे व पाढे पाठ करावयाचे, एवढाच तेथील अभ्यासक्रम असे. त्यांत मुली नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही नव्हती. ते दार पुण्यात १८४८ पासून सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी उघडले. या शाळांतील घोकंपट्टीवर पुढील काळात पुष्कळ टीका झाली व ती योग्यही होती. परंतु त्या घोकंपट्टीतील एका भागाकडे प्रवेशपरीक्षेच्या दृष्टीने पुन्हा पाहणे आवश्यक आहे. तो भाग म्हणजे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे.

बाजारात पूर्णांकांनी भागत नसे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचा अदपाव, पावशेर. अशा मोजमापांत पाव, निम्मा, पाऊण, सव्वा यांचे गुणाकार जिभेवर असणे ही चैन नसून गरज होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन सुरू झाले व त्यापाठोपाठ मेट्रिक मापे आली. त्यानंतर या पाढ्यांचे प्रयोजन झपाट्याने ओसरले आणि शाळांतून ते मागे पडले. त्यांची जागा शेकडेवारीने घेतली. पण शेकडेवारी म्हणजे तरी काय? पंचवीस टक्के म्हणजे पावकी, पंचाहत्तर टक्के म्हणजे पाउणकी, पंचवीस टक्क्यांची वाढ म्हणजे सवायकी. ६४० चे साडेसदतीस टक्के काढावयाचे असल्यास कागदावर गुणाकार मांडण्याचे कारण नाही. पाव हिस्सा १६०, त्याच्या निम्मा ८०, बेरीज २४०. शिकवणी वर्गांत 'शॉर्टकट' म्हणून जे विकले जाते त्यातील बराचसा ऐवज हा असा आपल्याच आजोबांच्या पेटीतला आहे.

येथे एक आनुषंगिक बाब नोंदवावीशी वाटते. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांच्या वाचनाची 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतात व लिहिताना पन्नास आधी, ही अडचण खरी आहे. परंतु ज्याचे पाढे मराठीत पाठ झाले आहेत त्याने परीक्षेच्या तयारीसाठी मनातील गणित इंग्रजीत करण्याचा अट्टहास धरू नये. पडद्यावरील उत्तर अंकांत असते. ते मनात कोणत्या भाषेत काढले हे कोणी विचारीत नाही.

वेगाची परीक्षा

मालाची परीक्षा करणाऱ्या मुलाची जागा स्वतः परीक्षा देणाऱ्या मुलाने घेतली, हा बदल आपल्याकडे महाविद्यालयांबरोबर आला. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्ये सुरू झाले. व्यवस्थापनशास्त्राच्या स्वतंत्र संस्था त्यानंतरच्या. अहमदाबाद व कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ च्या, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची.

प्रवेशपरीक्षेचा आजचा साचा मात्र या संस्थांत जन्मलेला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकी सैन्याने भरतीतील जवानांची वर्गवारी करण्यासाठी 'आर्मी अल्फा' ही सामूहिक चाचणी तयार केली. तिच्यासह घेतलेल्या चाचण्या सुमारे सतरा लाख जवानांनी दिल्या. थोड्या वेळात, एकाच साच्यात, असंख्य माणसांची प्रतवारी लावणे हा तिचा हेतू होता. तेथून ही पद्धत विद्यापीठांत गेली आणि व्यवस्थापन संस्थांसाठीची जी परीक्षा पुढे 'जीमॅट' म्हणून ओळखली गेली, ती १९५४ मध्ये प्रथम घेण्यात आली. भारतातील 'कॅट' याच कुळातील. तिची प्रश्नपत्रिका २००३ साली फुटल्याने परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, आणि २००९ पासून ती संगणकावर गेली.

महाराष्ट्राची एमबीए सीईटी आधी तंत्रशिक्षण संचालनालय व नंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष यांच्यामार्फत घेतली गेली. २०२४ च्या परीक्षेचे स्वरूप पाहिले तर तिचा स्वभाव ध्यानी येतो. २०० प्रश्न, १५० मिनिटे. तार्किक क्षमतेचे ७५, अमूर्त आकृत्यांचे २५, संख्यात्मक ५० व इंग्रजी भाषेचे ५०. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. प्रत्येक प्रश्नास सरासरी ४५ सेकंद मिळतात. पाच प्रश्नांचा एक संच असेल तर त्याचा हक्काचा वेळ पावणेचार मिनिटे. याउलट 'कॅट'मध्ये बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो व प्रश्न कमी असून कठीण असतात. या दोन परीक्षांसाठी एकच अभ्यास करावयास सांगणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. 'कॅट'मध्ये सोडून देण्याचे धैर्य लागते. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे गुण मिळविण्याची संधी हातची घालविणे होय.

अभ्यासाची मांडणी

सीईटीतील निम्मे प्रश्न तार्किक व आकृतिबंधांचे आहेत. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, आरशातील प्रतिमा हे प्रकार महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांनी शाळेतच मराठीतून सोडविलेले असतात. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा अनेक वर्षे चौथी व सातवीत होत असे, २०१६-१७ मध्ये ती पाचवी व आठवीत नेण्यात आली. तिच्यातील बुद्धिमत्ता चाचणी हे सीईटीच्या अर्ध्या प्रश्नपत्रिकेचे बालरूप आहे. ज्यांनी ती परीक्षा दिली आहे अशा विद्यार्थ्यांनी आरंभी शिष्यवृत्तीचेच जुने मराठी संच घड्याळ लावून सोडवावेत. रीत आठवली की मगच इंग्रजी संचाकडे जावे. दोन अडचणी एकदम अंगावर घेण्यापेक्षा हे बरे.

खरी अडचण इंग्रजीची आहे, आणि ती भाषेच्या पन्नास प्रश्नांपुरती नाही. बैठकव्यवस्थेच्या कोड्यात विद्यार्थी चुकतो तो पुष्कळदा तर्कात नव्हे, तर 'अनलेस', 'ॲट लीस्ट', 'नायदर-नॉर', 'इमीजिएट लेफ्ट' या शब्दांच्या वाचनात. 'किमान तीन' आणि 'तीनच' यांतील भेद त्याला मराठीत क्षणात कळतो. इंग्रजीत तो घाईत हुकतो. अशा अटवाचक शब्दांची यादी शंभराच्या आतच संपते. ती प्रत्येक शब्दाच्या मराठी अर्थासह व एका उदाहरणासह स्वतः तयार करावी, विकतची घेऊ नये. उताऱ्यांसाठी रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा आशय दोन मराठी वाक्यांत लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. आशय मराठीत उतरला नाही तर उतारा समजला नाही, हे निश्चित समजावे. सहा महिने हातात असल्यास एकूण वेळेचा निम्मा भाग या वाचनाला देण्यास हरकत नाही. पाढे पक्के असलेल्या विद्यार्थ्याला गणितासाठी चौथा हिस्सा पुरतो.

सराव परीक्षांबाबत व्यापाऱ्याच्या वह्यांचे उदाहरण उपयोगी पडेल. व्यापारी दिवसाचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर खात्यावार खतावणीत चढवितो. बहुतेक विद्यार्थी सराव परीक्षेतील चुकांची रोजकीर्द ठेवतात, खतावणी करीत नाहीत. चूक वाचनाची, रीतीची, आकडेमोडीची की वेळ संपल्याची, अशी चार खाती उघडून प्रत्येक चूक ज्या त्या खात्यावर टाकावी. चार-पाच परीक्षांनंतर कोणते खाते फुगले आहे ते दिसते व पुढील पंधरवड्याचा अभ्यास आपोआप ठरतो. पूर्ण अडीच तासांची परीक्षा आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा देऊन काही लाभ होत नाही. तपासणीस तितकाच वेळ लागतो आणि तो बहुतेक जण देत नाहीत.

आलेख-तक्त्यांवरील प्रश्नांसाठी या परिसरातील विद्यार्थ्याला सामग्री शोधण्यास दूर जावे लागत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचर, आळेफाटा येथील कांदा बाजारात शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, तीत नग, वजन, भाव, हमाली, तोलाई व निव्वळ रक्कम असते. आठवड्याच्या पाच पट्ट्या घेऊन सरासरी भाव, खर्चाची शेकडेवारी व दोन दिवसांतील वाढ-घट काढावी, तीही कॅल्क्युलेटरशिवाय. भाव सव्वापट झाला असता पूर्ववत होण्यासाठी पाचवा हिस्सा उतरावा लागतो, पाव नव्हे, हे शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकापेक्षा पट्टीवरून लवकर पटते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने आणखी एक बाब निकडीची झाली आहे. २०२४ पासून बीबीए, बीएमएस यांसारख्या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीही राज्याने सीईटी लागू केली. त्या वर्षी अनेक विद्यार्थ्यांना तिची कल्पना उशिरा आली. जागा रिकाम्या राहिल्याने परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. व्यवस्थापनशिक्षणाचे दार त्यामुळे एकविसाव्या वर्षावरून अठराव्या वर्षापर्यंत अलीकडे आले आहे. अटवाचक शब्दांची यादी, अग्रलेखाची दोन मराठी वाक्ये आणि चुकांची खतावणी यांचा आरंभ यापुढे पदवीच्या शेवटच्या वर्षात करून चालणार नाही; तो कनिष्ठ महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी, अकरावीच्या वर्गातच करावा लागेल.